लकव्यानंतर हातासाठी रोबोट: निवड, रोजचा सराव आणि थांबायची वेळ

लकव्यानंतर माणूस काठी टेकत का होईना, चालायला लागतो आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. हात मात्र कोपरात वाकून, मूठ आवळून छातीशी तसाच. ताठर पायावर भार देऊन चालता येतं. पंजाचं तसं भागत नाही. बटण लावायला, घास उचलायला, कुलपात किल्ली फिरवायला बोटं सुटी हलावी लागतात, आणि त्याहून आधी मूठ उघडावी लागते. बऱ्याच रुग्णांना पकडणं आधी जमतं, सोडणं फार उशिरा. मग नात्यातलं कोणीतरी हवेच्या नळ्या लावलेल्या, आपोआप उघडझाप करणाऱ्या हातमोज्याचा व्हिडिओ पाठवतं आणि घरात विषय निघतो: बाबांसाठी हा रोबोट घ्यायचा का?

त्याच घरासाठी हे लिहिते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. हात परत येतो तो रुग्णाने स्वतः केलेल्या प्रयत्नांनी. यंत्र त्या प्रयत्नांची संख्या वाढवतं, अर्धवट राहिलेली हालचाल पुरी करून देतं आणि मोजमाप ठेवतं. हे तिन्ही उपयोगाचं आहे. पण यंत्रावरच्या अर्ध्या तासाला जोडून यंत्राशिवायचा अर्धा तास देता येणार नसेल, तर पैसे खर्च करू नका.

## हे मत कशावरून

मेंदूच्या ज्या भागाला इजा झाली, त्याच्या आसपासचे आणि त्याच्याशी जोडलेले भाग त्याचं काम काही प्रमाणात उचलायला शिकतात. पण त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा व्हावी लागते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूतले असे बदल दिसले ते दिवसाला चारशे ते सहाशे हालचाली करवून घेतल्यावर. माणसांच्या थेरपीत प्रत्यक्षात किती होतात, हे कॅथरिन लँग आणि सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतल्या केंद्रांत मोजलं आणि २००९ साली प्रसिद्ध केलं: हाताच्या उपयोगी हालचाली, एका सत्रात सरासरी ३२. आपल्याकडे एका थेरपिस्टमागे रुग्णांची रांग असते, तिथे काय होत असेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

ही उणीव यंत्राने भरून काढायची कल्पना त्याच्याही आधीची. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांचं एमआयटी-मॅनस हे यंत्र १९९०च्या दशकात रुग्णांवर वापरलं जाऊ लागलं. पुढे मोठ्या चाचण्या झाल्या आणि चित्र गुंतागुंतीचं निघालं. २०१०च्या अमेरिकी चाचणीत १२७ माजी सैनिक होते, लकव्याला सहा महिने उलटून गेलेले. १२ आठवड्यांत ३६ सत्रं झाली. रोबोटचा गट शेवटी नेहमीच्या उपचारांपेक्षा थोडा पुढे होता, पण तेवढाच वेळ माणसाने मेहनतीने करून घेतलेल्या थेरपीच्या पुढे नव्हता. २०१९ साली ब्रिटनमधली रॅटल्स ही चाचणी 'लॅन्सेट'मध्ये आली. ७७० रुग्ण, आठवड्यातून तीन वेळा ४५ मिनिटं, १२ आठवडे. हाताच्या कामात ठरवलेली सुधारणा गाठणारे रोबोट गटात ४४ टक्के, कामांवर आधारित वाढीव थेरपीत ५० टक्के, नेहमीच्या उपचारांत ४२ टक्के. हा फरक ठोस म्हणावा एवढा नव्हता. रोबोट गटात निव्वळ हालचाल मोजणाऱ्या पट्टीवर थोडी प्रगती दिसली, पण ती रोजच्या कामांत उतरली नाही. दुसरीकडे, २०१८च्या कॉक्रेन आढाव्यात ४५ चाचण्या आणि १,६१९ रुग्ण एकत्र घेतले, तेव्हा यांत्रिक मदतीने हाताची ताकद, हालचाल आणि रोजची कामं तिन्ही सुधारतात असं दिसलं, पण यंत्रं, वेळ आणि रुग्ण इतके वेगवेगळे की निष्कर्ष जपून घ्या, असंही त्यांनीच बजावलं.

मी यातून एवढंच घेते: यंत्राने हालचाल येते, काम आपोआप येत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या हिशेबाने लिहिल्या आहेत.

## पायरी १: केव्हा सुरू करायचं आणि कोणी करू नये

पहिले काही दिवस घाई नको. प्रकृती स्थिर होऊ द्या. रक्तदाब आणि साखर आटोक्यात आहे, असं न्यूरोलॉजिस्ट म्हणाले की हाताचं बोलायचं. पण 'आधी पाय होऊ दे, मग हाताचं बघू' असं म्हणत महिने घालवू नका. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ७२ रुग्णांना नेहमीच्या थेरपीशिवाय हाताची २० तासांची जादा थेरपी वेगवेगळ्या वेळी दिली. सर्वांत जास्त फायदा झाला तो लकव्यानंतर दोन ते तीन महिन्यांच्या दरम्यान ती मिळालेल्यांना. म्हणजे रुग्णालयातून घरी आल्यावरचा, नातेवाईक भेटून जाण्याचा आणि घरच्यांची धावपळ ओसरण्याचा जो काळ, नेमका तोच. वर्षानंतरही सुधारणा होते, पण तेव्हा तेवढ्याच फळासाठी जास्त घाम गाळावा लागतो.

हाताला उघडी जखम, न जुळलेलं हाड, पंजावर लाली-सूज-आग असेल, फिट्स येत असतील, बोटांचे सांधे आखडून घट्ट बसले असतील, तर यंत्र लावायचं नाही. हाडं ठिसूळ झालेल्या वृद्ध बायकांच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारा. हाताला स्पर्शच कळत नसेल तर यंत्र लावता येतं, पण शेजारी माणूस बसलाच पाहिजे, कारण पट्टा काचतो आहे हे रुग्ण सांगू शकत नाही. स्नायूंना विजेचा हलका झटका देणारी सोय यंत्रात असेल आणि छातीत पेसमेकर असेल, तर ती सोय बंद. बोलणं गेलेल्या रुग्णाला यंत्र चालतं, मात्र सूचना समजतात की नाही हे थेरपिस्टकडून तपासून घ्या. 'हो, हो' म्हणून मान डोलावणं म्हणजे समजणं नव्हे.

## पायरी २: हात कोणत्या अवस्थेत आहे ते पाहा

खुर्चीत ताठ बसवा आणि दोन गोष्टी करायला सांगा: हात खांद्यातून बाजूला उचला, आणि बोटं सरळ करा. पहिल्या तीन दिवसांत या दोन्ही हालचालींचा थोडा तरी अंश दिसला, तर सहा महिन्यांनी हात बऱ्यापैकी कामाला येण्याची शक्यता खूप जास्त असते. नेदरलँड्समधल्या अभ्यासात हे नीट दाखवलं गेलं आहे. दिसला नाही म्हणजे सगळं संपलं असं नाही, पण आशा आणि खर्च दोन्ही मापात ठेवायला ही माहिती कामी येते.

यंत्र निवडायचं तर रुग्ण साधारण तीन अवस्थांत दिसतात. पहिली: बोटांत काहीच नाही. दुसरी: मूठ वळते, उघडताना बोटं जरा थरथरतात किंवा किंचित सुटतात, पण उघडत नाहीत. तिसरी: मूठ उघडते-मिटते, फक्त हळू आणि बेढब. रोबोटचा खरा ग्राहक दुसऱ्या अवस्थेतला रुग्ण आहे. तिसऱ्या अवस्थेतल्याला यंत्राची गरज बहुधा नसते. मनगट २० अंश आणि बोटं १० अंश स्वतःहून वर येत असतील, तर चांगल्या हातावर मोजा घालून दुखऱ्या हाताला दिवसभर कामाला लावायची पद्धत आहे. २२२ रुग्णांच्या २००६च्या अमेरिकी चाचणीत ती परिणामकारक ठरली आणि तिला यंत्राचा खर्च नाही. थेरपिस्टला विचारा, 'आमच्या पेशंटला ते चालेल का?' पहिल्या अवस्थेतल्याला यंत्र लावलं तर सांधे मोकळे राहतात, हात लक्षात राहतो. पण त्याला यंत्र हलवतंय एवढंच, तो स्वतः काही करत नाही. तिथे आरसा-थेरपी (चांगल्या हाताची हालचाल आरशात बघून दुखरा हात हलतोय असं मेंदूला भासवणं) आणि विजेने स्नायू उत्तेजित करणं यांचा विचार आधी व्हावा.

मूठ फारच घट्ट असेल, चांगल्या हाताने ओढूनही बोटं सुटत नसतील, तर आधी ताठरपणावर उपाय. बोटुलिनमचं इंजेक्शन हा त्यातला एक. त्याचा परिणाम काही दिवसांत सुरू होतो, तीन-चार आठवडे उलटले की सर्वांत चांगला असतो आणि साधारण तीन महिन्यांत ओसरतो. इंजेक्शन घेऊन घरी बसणारे मी खूप पाहते. रोबोटची सत्रं बसवायची तर त्याच काळात बसवा, नाहीतर पैसे दोनदा गेले.

## पायरी ३: यंत्र कोणतं

बाजारात 'रोबोट' या एका नावाखाली फार वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

एक, टेबलावरचं स्थिर यंत्र. ऑस्ट्रियाच्या टायरोमोशनचं अमेडिओ हे त्यातलं प्रसिद्ध. पंजा एका आधारावर ठेवतात, बोटांची टोकं सरकणाऱ्या पट्ट्यांना जोडतात आणि प्रत्येक बोट वेगळं हलवता येतं. हे मोठ्या रुग्णालयात किंवा रिहॅब सेंटरमध्येच मिळायचं. दोन, हातमोजा: इटलीच्या ग्लोरेहामध्ये बारीक तारा बोटं ओढतात. तीन, हाताच्या पाठीवर बसणारा सांगाडा. हाँगकाँगमध्ये विकसित झालेला हँड ऑफ होप हा स्नायूंतून येणारे विजेचे क्षीण संकेत वाचतो आणि रुग्णाने प्रयत्न केला तरच हलतो. याच्या पुढची पायरी म्हणजे थेट मेंदूचे संकेत डोक्यावरच्या हेडसेटने टिपणारं इप्सीहँड, ज्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ साली मंजुरी दिली.

भारतातलं काम इथे आवर्जून सांगायला हवं. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून केलेलं प्लूटो हे छोटं यंत्र आहे. त्यात मोटर एकच. वरचा मुठीचा भाग बदलला की तेच यंत्र मनगट वर-खाली, मनगट आडवं, हात पालथा-उताणा आणि मूठ उघड-मीट अशा वेगवेगळ्या हालचालींसाठी चालतं. महाग यंत्राचं आपल्याकडच्या खिशाला जुळणारं रूप म्हणतात ते हे. आयआयटी दिल्लीनेही दिल्लीच्या एम्ससोबत मनगट आणि बोटं एकत्र हलवणारा हलका सांगाडा बनवून त्याच्या चाचण्या केल्या आहेत.

आणि चौथी वस्तू, तुमच्या मोबाइलवर आलेली: काही हजारांत मिळणारा, हवेच्या दाबाने बोटं वाकवणारा-सरळ करणारा हातमोजा. हा वाईट नाही. पण त्याच्या साध्या मोडमध्ये रुग्ण झोपलेला असला तरी तो उघडझाप करतच राहतो. त्यात 'मिरर' मोड असतो, म्हणजे चांगल्या हातात सेन्सरचा मोजा घालायचा, तो हलला की दुखरा हलतो. घ्यायचाच असेल तर मिरर मोड असलेला घ्या. नाहीतर विकत काय घेतलं, तर मालिश.

दुकानदाराला किंवा सेंटरला मी पहिला प्रश्न एकच विचारायला सांगते: 'पेशंटने स्वतः जोर लावला, हे यंत्राला कळतं का?' कळत असेल तरच पुढचं बोलणं. मग विचारा की मदत कमी-जास्त करता येते का, मनगटाला आधार आहे का (मनगट लोंबकळत असेल तर बोटं उघडण्याचा सराव वाया जातो), डावा-उजवा दोन्हीला चालतं का, आणि अचानक थांबवायचं बटण रुग्णाच्या चांगल्या हाताशी येतं का. मापाचा मोजा मिळतो का हेही. आखूड बोटांच्या बायकांना मोठ्या मापाचा मोजा दिला की तो पेरांवर न बसता मधेच वाकतो आणि सांध्याला दुखवतो.

शक्यतो विकत घेण्याआधी सेंटरमध्ये सत्रांवर वापरून पाहा. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, १९५५पासून चालणारी. अशा ठिकाणी किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्या) विभागात हाताची नीट तपासणी लिहून घ्या. तो कागद हातात असला की विक्रेत्याशी बोलणं सोपं जातं.

## पायरी ४: आवळलेला हात यंत्रात घालणं

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून जरा सावकाश सांगते.

रुग्णाला पाठीला आधार असलेल्या खुर्चीत बसवा, पाय जमिनीला टेकलेले. पुढच्या हाताखाली टेबल किंवा उशी हवी, कोपर टेकलेलं. खांदा लोंबत असेल तर तो आधी सावरायचा. दंडाला धरून किंवा बोटांना ओढून हात जागेवर आणायचा नाही. लकव्यातला खांदा सांध्यातून सरकायला फार जोर लागत नाही, आणि एकदा खांदा दुखायला लागला की रुग्ण हाताचं काहीच करू देत नाही. शिवाय हात हवेत उचलून धरायला लावला की बऱ्याच रुग्णांची मूठ आपोआप जास्त आवळते. टेकलेल्या हाताची बोटं लवकर सैल होतात.

आता मूठ. बोटांची टोकं धरून ओढू नका, ती उलट आणखी आवळतील. मनगट हलकेच आतल्या बाजूला, तळव्याकडे वाकू द्या. मनगट वाकलं की बोटांचे लांब दोर सैल पडतात आणि मूठ स्वतःहून जरा सुटते. मग अंगठा धरा, पण टोकाला नाही, मुळाशी, तळव्यातल्या जाड मांसल भागाला. तो बाहेर, बाजूला घ्या आणि तिथेच धरून ठेवा. दहा-पंधरा सेकंदांत बाकीची बोटं सैल होताना हाताला जाणवतात. मग करंगळीच्या बाजूने एकेक बोट सरळ करा, आणि सगळी बोटं सुटल्यावरच मनगट सावकाश सरळ रेषेत आणा. या क्रमाने दोन मिनिटं लागतात. घाईने दहा सेकंदांत केलं तर पुढची वीस मिनिटं हात ताठरच राहतो.

नखं कापलेली, अंगठी काढलेली, तळहात धुऊन कोरडा केलेला हवा. सतत मिटलेल्या मुठीत घाम साचून वास येतो, कातडी पांढरी पडते; ते आधी बरं होऊ द्या. पट्टे बांधून झाले की त्याखाली तुमचं एक बोट सरकलं पाहिजे. पाच मिनिटांनी बोटांच्या टोकांचा रंग बघा, नखं निळसर-जांभळी झाली असतील तर सैल करा.

## पायरी ५: यंत्रावरचं सत्र

पहिली पाच मिनिटं यंत्राला करू द्या. हळू वेग, पूर्ण नाही, दुखण्याच्या अलीकडे थांबणारी हालचाल. हात गरम होतो, ताठरपणा उतरतो. त्याहून जास्त वेळ असं चालू ठेवण्यात अर्थ नाही.

मग खरं काम. यंत्राचं संकेत वाचणं चालू करा आणि रुग्णाला सांगा, 'काका, आधी तुम्ही उघडायचं. मशीन मागून येईल.' रुग्णाने प्रयत्न सुरू केल्यावर निदान दोन-तीन सेकंद थांबून मगच यंत्राची मदत यावी, असं थेरपिस्टकडून बसवून घ्या. साध्या हातमोज्यात ही सोय नसते, तर माणसाने बटण धरून ठेवायचं: रुग्णाच्या पुढच्या हाताच्या पाठीवर तुमची दोन बोटं ठेवा, तिथला स्नायू कडक झालेला लागला की बटण सोडा. वेळखाऊ आहे, पण हेच तर काम आहे.

मदत जास्त मिळाली की रुग्ण आळशी होतो. मुद्दाम नव्हे, शरीरच तसं करतं, यंत्र करतंय तर मी कशाला. ओळखायची खूण सोपी: मध्येच एकदा मदत बंद करा. हालचाल जागच्या जागी मेली तर तो नुसता वाहत होता. अशा वेळी मदत एक पायरी कमी करा. उलट रुग्ण दात खातोय, खांदा कानापर्यंत वर जातोय, कोपर वाकून हात छातीकडे येतोय, श्वास धरलाय, तर मदत वाढवा. लकव्यात जास्त जोर लावला की आखा हात एकत्रच वाकतो आणि आपण नको तीच सवय पक्की करून बसतो. चांगल्या सत्रात दहापैकी सात-आठ प्रयत्न थोड्या मदतीने पुरे होतात आणि दोन-तीन फसतात.

दहा-दहाचे गट, मध्ये मिनिटभर विश्रांती. सुरुवातीला एकूण पन्नास-साठ झाले तरी पुष्कळ. मग काही आठवड्यांत दीडशे-दोनशेपर्यंत न्या. उघडणं आणि मिटणं सारख्या संख्येने करू नका, उघडणं दुप्पट ठेवा, कारण मिटणं त्याला तसंही येतं. पडद्यावरचा खेळ असेल तर तो असू द्या, पण दर गटातले दोन प्रयत्न पडद्याकडे न बघता स्वतःच्या हाताकडे बघून करायला लावा, विशेषतः डाव्या बाजूचा लकवा झालेल्यांना. त्यांतल्या अनेकांना आपली डावी बाजू आहे हेच सुटून जातं. आणि टीव्हीवर मालिका लावून सत्र करू नये. मग हात एकीकडे, लक्ष दुसरीकडे.

थकल्यावर हालचाल लहान होत जाते. सलग पाच-सहा प्रयत्न आधीच्या निम्मे भरले, तर ते सत्र संपलं.

## पायरी ६: यंत्र काढल्याबरोबर

मोजा काढल्यावर पुढची वीस-तीस मिनिटं बोटं दिवसातली सर्वांत सैल असतात. नेमक्या याच वेळी बहुतेक घरांत चहा होतो, रुग्ण पलंगावर आडवा होतो आणि हात पुन्हा मिटतो. माझ्या मते इथेच रोबोटचे पैसे वाया जातात किंवा वसूल होतात.

या वेळेत एकच काम निवडा, रुग्णाला मनापासून हवं असलेलं. 'हात सुधारायचा' हे काम नव्हे. 'उजव्या हाताने घास तोंडात घालायचा' हे काम. आपल्याकडे उजवा हात गेलेल्या माणसाला चारचौघांत डाव्या हाताने जेवायला फार जड जातं. लग्नाच्या पंगतीला जायचं टाळणारे कितीतरी. म्हणून घासाचं उदाहरण घेते.

सुरुवात भाताने नको. पोळीचा तुकडा दुसऱ्याने करून द्यायचा, जरा जाड, आणि रुग्णाने तो ताटातून उचलून शेजारच्या वाटीत टाकायचा. उचलण्यापेक्षा टाकण्यावर लक्ष द्या: अंगठा सुटला पाहिजे. पंधरा-वीस वेळा. ते जमायला लागलं की तुकडा तोंडाकडे, आणि इथे कोपर टेबलावर टेकलेलं ठेवायची मुभा. मग कोपर उचलून. मग भाकरीचा तुकडा स्वतः मोडायचा, त्याला दुसऱ्या हाताची साथ चालेल. कोरडी उसळ त्यानंतर, कालवलेला वरण-भात सर्वांत शेवटी, कारण त्याला पाचही बोटं एकत्र आणून आतून अंगठ्याने ढकलावं लागतं. रोजचं जेवण मात्र सध्या सोयीच्या हाताने किंवा चमच्याने करू द्या. उपाशी माणसाचा सराव होत नाही.

कोणाला साडीच्या निऱ्या घालायच्या असतात, कोणाला जपमाळ ओढायची असते, एखाद्याला स्कूटरची किल्ली फिरवायची असते. प्रत्येक कामाचे असेच तुकडे पाडायचे, सोपा तुकडा आधी. बाकीच्या दिवसभरात दुखरा हात निदान आधाराला वापरा: लिहिताना कागद दाबून धरायला, पोळी लाटताना पोळपाट स्थिर धरायला, बरणी अंगाशी कवटाळायला. घरच्यांनी मधे पडून 'राहू दे, मी करते' म्हणणं बंद करायचं. हे सुनेला सांगणं सोपं असतं, बायकोला सांगणं फार अवघड.

## पायरी ७: मोजायचं कसं, थांबायचं केव्हा

यंत्राच्या पडद्यावरचे आकडे वाढतात ते यंत्रावरचे. थेरपिस्टकडून सुरुवातीला आणि दर महिन्याला दोन चाचण्या लिहून घ्या: फुगल-मेयर, हाताचे एकूण गुण ६६, आणि अ‍ॅक्शन रिसर्च आर्म टेस्ट, एकूण ५७. पहिली हालचाल मोजते, दुसरी काम. पहिलीचे गुण वाढत आहेत आणि दुसरीचे जागीच आहेत, तर यंत्राचा वेळ कमी करून सहाव्या पायरीचा वेळ वाढवा.

घरी मोजायला एक खोका, मधे आडवी फळी आणि एकाच मापाचे लाकडी ठोकळे पुरतात. एका मिनिटात एकेक करून किती ठोकळे फळीपलीकडे गेले, एवढंच लिहायचं. दर रविवारी, त्याच वेळी, त्याच खुर्चीत. सोबत मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. रोज पाहणाऱ्याला फरक कळत नाही, व्हिडिओत कळतो. फरक नसेल तर तेही कळतं.

सहा आठवडे नियमित, म्हणजे आठवड्यातून चार-पाच दिवस करूनही चाचण्या आणि खोका दोन्हींत काहीच हललं नाही, तर मी यंत्र थांबवायला सांगते. विकत घेतलं असेल तरीही. मधेच पंजा सुजला, तापला, नुसता स्पर्श केला तरी दुखू लागला, तर त्याच दिवशी थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. खांदा-पंजा दुखण्याचा एक चिवट प्रकार लकव्यात होतो आणि तो लवकर पकडला तरच आवरतो. तोंड पुन्हा वाकडं झालं, बोलणं अडखळलं, दुसरी बाजू जड वाटली, तर ते थकवा नव्हे. वेळ बघून ठेवा आणि थेट रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं.

## पैशांबद्दल थोडं

सेंटरमध्ये दर सत्राचा दर विचारा आणि त्यात थेरपिस्ट शेजारी बसतो की फक्त यंत्राला जोडून निघून जातो, हेही विचारा. दुसरं असेल तर दर निम्मा हवा. 'शंभर टक्के रिकव्हरी' किंवा तीस सत्रांचं आगाऊ पॅकेज म्हणणाऱ्याकडून दहा सत्रांचं मागा, तपासणी लिहून मिळाल्यावर पुढचं. बऱ्याच आरोग्य पॉलिसी रुग्णालयात दाखल असतानाचा खर्च देतात; बाह्यरुग्ण थेरपीचं काय, ते कंपनीकडून लेखी घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

हातमोजा भाड्याने मिळत असेल तर तो पर्याय चांगला. परत करताना तळव्याला आणि बोटांना ताण देण्याचा व्यायाम, रात्रीचा स्प्लिंट (मनगट-बोटं सरळ धरून ठेवणारी पट्टी) आणि ठोकळ्यांचा खोका चालू ठेवा. स्प्लिंटचं माप दर तीन महिन्यांनी थेरपिस्टला दाखवून घ्या, कारण हात मोकळा होत जातो तसा जुना स्प्लिंट उगाच बोटं वाकवून ठेवतो.